रिव्हेटची शेपटी किती ठेवावी? (गॅरेजातलं विमान, भाग तिसरा)

गॅरेजकर

नमस्कार मंडळी.

आधीचे दोन भाग ज्यांनी वाचले नसतील त्यांच्यासाठी: मी मूळचा सांगलीचा, सध्या ओहायोत डेटनजवळ, म्हणजे राइटबंधूंच्या गावापासून अर्ध्या तासावर राहतो. गेलं दीड वर्ष गॅरेजमध्ये आरव्ही-७ नावाचं दोन सीटचं विमान बांधतोय. किट ओरेगॉनच्या व्हॅन्सचं. गाडी बाहेर बर्फात आणि विमान आत उबेला, यावर घरात जे बोलायचं ते बोलून झालं आहे, तेव्हा इथे कृपया पुन्हा नको.

सध्या विमानाच्या शेपटाचं काम चालू आहे. एका जागी एएन४७०एडी४-५ या रिव्हेट (पत्रे जोडायच्या धातूच्या खिळ्या) लागतात. ज्यांना ही बाराखडी नवीन आहे त्यांच्यासाठी: ४७० म्हणजे उंच गोल डोक्याची, एडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या २११७ मिश्रधातूची, ४ म्हणजे जाडी ४/३२ इंच, ५ म्हणजे लांबी ५/१६ इंच. तर या -५ संपल्या. कुणी कमी पाठवल्या नाहीत, मीच डझनभर वाकड्या ठोकून वाया घालवल्या. -७ मात्र मूठभर पडून आहेत. म्हटलं, रिव्हेटची शेपूट (दांडीचं मोकळं टोक) कापू आणि लावू. इलेक्ट्रिकच्या कामाचा निपर (वायर तोडायची पक्कड) होता, त्याने दोन सोळांश इंच उडवले, स्क्वीझरमध्ये (रिव्हेट दाबून बसवायच्या हत्यारात) धरलं, दाबलं. सहापैकी चार रिव्हेटची शेपटी एका बाजूला लवंडली. दारू पिऊन भिंतीला टेकल्यासारखी.

प्रश्न दोन. एक, रिव्हेट कापून वापरणं मुळात चालतं का? दोन, चालत असेल तर माझं काय चुकतंय?

---

बोका_नं_१

प्रश्न तीन: तुम्ही त्यात बसणार आहात का?

---

गॅरेजकर

@बोका: बसणार तर. बायको म्हणते आधी विमा, मग टेकऑफ.

---

ओझरकर

गॅरेजकर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. ओझरला एचएएलमध्ये पत्र्याच्या कामावर चौतीस वर्षं काढली. आमच्याकडे रशियन विमानं, त्यामुळे सगळं मिलिमीटरमध्ये. पण रिव्हेट इथून तिथून रिव्हेटच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालतं. लांबी म्हणजे काही धर्म नव्हे. पत्र्यातून बाहेर किती उरतं ते महत्त्वाचं. ठोकण्याआधी दांडी आपल्या जाडीच्या दीडपट बाहेर दिसली पाहिजे. तुमची १/८ ची, म्हणजे ३.२ मिलिमीटर, तर ४.८ बाहेर. ठोकल्यावर जे डोकं तयार होतं ते रुंदीला जाडीच्या दीडपट, उंचीला निम्मं. म्हणजे ४.८ रुंद, १.६ उंच. हे दोन आकडे जमले की ती रिव्हेट कारखान्यात कापलेली होती की तुमच्या गॅरेजात, हे तिला स्वतःलाही आठवत नाही.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या निपरमध्येच आहे. निपर कापत नाही, चिमटतो. दोन्ही बाजूंनी पाचर आत घुसते आणि टोकाला घराच्या छपरासारखा उंचवटा राहतो. भिंग असेल तर बघा. नसेल तर टोक अंगठ्याच्या नखावर फिरवा, टोचेल. आता स्क्वीझरचा सपाट साचा त्या छपरावर आला की छप्पर ज्या बाजूला उतरतं त्या बाजूला धातू पळतो. शेपटी लवंडणारच. टोक काटकोनात हवं, बास. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

---

चकलीचा_सोऱ्या

काका, "तिला स्वतःलाही आठवत नाही" 😂 तुम्ही धागे काढा हो.

---

नुक्ता

विषय रंजक आहे, पण एक भाबडी शंका. विमानासारख्या गोष्टीत घरी रिव्हेट कापून लावायला कायदा परवानगी देतो? आपल्याकडे चारकोपच्या कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियात मांडलं, तर नोंदणीसाठी २०१७ उजाडलं. नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. बांधण्यापेक्षा कागदांनीच दमवलं असेल.

---

गॅरेजकर

@नुक्ता: इथे हौशी बांधणीसाठी वेगळा वर्ग आहे, एक्स्पेरिमेंटल. अट अशी की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेलं असावं. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. विमान पूर्ण झालं की तपासनीस येऊन कागद आणि काम बघतो. प्रत्येक रिव्हेट कुठून आणली हे कुणी विचारत नाही, पण प्रत्येक रिव्हेटचा फोटो मी ठेवतो. दहा हजारांच्या पुढे जाणार आहेत. हार्ड डिस्क विमानाहून जड होईल.

यादवांबद्दल मात्र मनापासून आदर. लिफ्टमध्ये न मावणारं सामान जिन्याने गच्चीवर चढवून विमान बांधायचं. माझं गॅरेज म्हणजे त्यामानाने पंचतारांकित.

@ओझरकर काका: नखावर फिरवलं. टोचलं. निपर परत वायरीच्या डब्यात.

---

तांबटआळी

पुण्याच्या तांबट आळीतला, म्हणून दोन शब्द. आजोबा कढईचे कान बसवायचे. तांब्याची तार, तिचे तुकडे छिन्नीने ऐरणीवर तोडायचे, आणि प्रत्येक तुकड्याचं टोक कानशीवर दोनदा घासायचे. मी लहानपणी विचारलं, ठोकायचंच आहे तर घासता कशाला? म्हणाले, "वाकड्या तोंडाचा वाकडंच बोलतो." आज हा धागा वाचताना कळलं.

---

बोका_नं_१

बेंच ग्राइंडरवर धरा की टोक. दोन सेकंदांत सपाट.

---

ओझरकर

@बोका: असं कुणालाही सांगू नका, चेष्टेतसुद्धा. ॲल्युमिनियम मऊ, ते दगडाच्या रंध्रांत भरून बसतं. दगड गुळगुळीत होतो, तापतो आणि एखाद्या दिवशी फुटतो. शिवाय तीन मिलिमीटरची काडी बोटांत धरून चाकावर? बोटं मोजून घ्या आधी.

गॅरेजकर, तुमच्याकडे रिव्हेट कटर म्हणून पक्कडीसारखं हत्यार मिळतं. दोन चपटे जबडे, दोघांत एकासमोर एक भोकं: ३/३२, १/८, ५/३२, ३/१६. दांडी भोकात घालायची, मूठ दाबायची, जबडे एकमेकांवरून सरकतात आणि दांडी सुरीने केळ्याचा काप पडावा तशी तुटते. चिमटणं नाही, सरकवून तोडणं. बाजूला पत्र्याची पानं असतात, कंगव्यासारखी फिरणारी, जाडी सोळांशाच्या टप्प्याने. डोक्याखाली हवं तेवढं पान सरकवलं की लांबी आपोआप जमते. हे घ्या आणि सुखी व्हा.

---

गॅरेजकर

ऑर्डर टाकली. दोन पिझ्झ्यांच्या किमतीत आलं. पण यायला आठवडा, आणि शनिवार-रविवार हातात. तोवर काही जुगाड?

---

ओझरकर

आहे. ८ एमएमची लोखंडी पट्टी घ्या. ५/१६ इंच म्हणजे ७.९, जवळजवळ तेवढीच. तिच्यात ३० नंबरच्या ड्रिलने सरळ भोक पाडा. ड्रिल प्रेसवर, हाताने नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंची बर (कडेला उठलेली धार) काढा, नाहीतर डोकं नीट टेकणार नाही. -७ ची रिव्हेट वरून घाला, डोकं टेकलं की खालून तीनेक मिलिमीटर शेपूट बाहेर येईल. ते तुमच्या त्या निपरने थोडं लांब ठेवून तोडा, मग पट्टी उलटी करून बारीक कानशीने पट्टीला भिडेपर्यंत घासा. कानस पट्टीला लागली की आवाज बदलतो. ॲल्युमिनियमवर मऊ खसखस, लोखंडावर कर्कश. आवाज बदलला की थांबा.

पंचवीस-तीस रिव्हेट झाल्या की पट्टी स्वतःच घासून पातळ झाली का ते कॅलिपरने बघा. माझ्या एका शिकाऊ पोराची झाली होती. तो म्हणे रिव्हेट आखूड का होतायत कळत नाही.

-४ साठी ६ एमएमची पट्टी वापरू नका. १/४ इंच म्हणजे ६.३५. एक-तृतीयांश मिलिमीटर आखूड पडेल आणि ठोकून तयार होणारं डोकं बुटकं होईल.

---

गॅरेजकर

काका, शनिवारी सकाळी केलं. बावीस रिव्हेट. आवाज बदलतो हे अगदी खरं. तिसऱ्या रिव्हेटनंतर डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवायला लागलो. मोजल्या तर सगळ्या ७.९ ते ८ च्या मध्ये. मग टाकाऊ पत्र्यांवर चार लावून बघितल्या: .०३२, .०३२ आणि .०६३ असे तीन थर, म्हणजे .१२७ इंच. त्यात दीडपट जाडीचे .१८७५ मिळवले की .३१४५, आणि ५/१६ म्हणजे .३१२५. गणित जुळलं. दाबल्यावर चारही शेपट्या सरळ, गोल, पुरणपोळीच्या उंड्यासारख्या.

कापलेल्या टोकावरचा सोनेरी मुलामा मात्र जातो, उघडा पांढरा धातू दिसतो. तिथे लावण्याआधी प्रायमरचा थेंब लावला.

---

शेवंता७५०

उशिरा आले, पण येऊ द्या. आम्ही दोघं टोरांटोजवळ झेनिथचं सीएच ७५० विमान बांधतोय. त्यात जवळजवळ सगळ्या पॉप रिव्हेट, म्हणजे खेचायच्या. बकिंग बार (ठोकताना मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) नको, दुसरा माणूस नको, भांडण नको. गॅरेजकरांचे हाल वाचून मी नवऱ्याला म्हटलं, बघ, आपण शहाणे.

पण कापाकापी आम्हालाही चुकली नाही. आतली पोलादी काडी कधीकधी डोक्याच्या आत न तुटता वर तुटते आणि काट्यासारखं टोक राहतं. हात फिरवला की रक्त. मी आधी नेलकटर लावला (हसा), त्याच्या धारेला दात पडले. आता डोक्याभोवती मास्किंग टेपचे दोन थर लावते, सपाट तोंडाच्या कटरने जितकं खाली जाता येईल तितकं तोडते आणि सुईएवढ्या कानशीने उरलेलं घासते. टेप फाटायला लागली की थांबायचं, नाहीतर पत्र्यावर ओरखडा येतो, आणि तो रंगाखालीही दिसतो.

---

चकलीचा_सोऱ्या

नेलकटर नवऱ्याचा होता की तुमचा, हे महत्त्वाचं आहे.

---

शेवंता७५०

@सोऱ्या: सासूबाईंचा. म्हणून तर नवीन आणावा लागला.

---

नुक्ता

मघाशी गॅरेजकरांनी लवंडलेल्या रिव्हेटबद्दल लिहिलं, त्या तशाच राहिल्या? वाकडी रिव्हेट काढतात कशी?

---

गॅरेजकर

@नुक्ता: काढल्या. एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो. तो मिश्रधातूची खूण म्हणून असतो, पण ड्रिलचं टोक टेकवायला देवानेच ठेवलाय असं वाटतं. डोक्याच्या जाडीएवढंच ड्रिल करायचं, मग त्याच भोकात पंच घालून हळूच तिरकं केलं की डोकं टोपीसारखं निघतं. शेपूट मागून पंचने. घाई केली की भोक मोठं होतं आणि मग १/८ च्या जागी ५/३२ लावायची वेळ येते. चारपैकी तीन नीट निघाल्या. चौथीबद्दल विचारू नका.

कटर मंगळवारी आला. काकांनी सांगितलं तसंच आहे, लांब मुठीची पक्कड आणि पानांचा कंगवा. पहिल्यांदा दाबलं तर "टक्" असा कोरडा आवाज आणि कापलेला तुकडा गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्यांदा चश्मा घातला. तिसऱ्यांदा कटर प्लास्टिकच्या पिशवीत धरून दाबला. आता हीच पद्धत.

अर्धा टप्पा हवा असेल तर (-५ आणि -६ च्या मधली) डोक्याखाली -५ ची पानं अधिक .०३२ पत्र्याची खाच पाडलेली चिंधी सरकवतो. .०३२ म्हणजे जवळपास १/३२. छान जमतं.

आता गोंधळ. बसक्या डोक्याच्या, म्हणजे ४२६, कापल्या. ३/३२ जाडीच्या. एका जागी -३.५ हवी होती, -४ होत्या. पानं लावली, कापली, पत्र्यात घातली तर शेपूट बघून रडू आलं. जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर, हवं होतं ३.६. कुठे चुकलो?

---

ओझरकर

डोक्यात. म्हणजे रिव्हेटच्या.

गोल डोक्याच्या रिव्हेटची लांबी डोक्याखालून मोजतात. बसक्या डोक्याची डोक्याच्या माथ्यापासून, कारण ते डोकं पत्र्याच्या आत बसतं आणि पत्र्यांच्या जाडीत धरलं जातं. तुम्ही बहुतेक ३.५ सोळांशातून डोक्याची उंची वजा करून पानं लावली, आणि ते निमुळतं डोकं पानाच्या खाचेत खाली उतरलं, म्हणून तेवढी शेपूट जास्त कापली गेली. बसक्या डोक्याला कटरची पानं एक अंदाज म्हणून लावायची आणि पहिली रिव्हेट कॅलिपरमध्ये माथ्यापासून टोकापर्यंत मोजायची. मग पुढच्या. आम्ही नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच विचारायचो. निम्मे चुकायचे. तुम्ही एकटे नाही.

---

गॅरेजकर

खाचेत उतरलं. आत्ता बघून आलो. पान बोटाने हलवलं तर डोकं अर्धं आत. अकरा रिव्हेट फुकट. धन्यवाद काका.

---

बोका_नं_१

एक गंभीर प्रश्न, शपथ. कडक वाटत असेल तर रिव्हेट गॅसवर तापवून मऊ करून चालेल का? कापायला सोपी जाईल.

---

ओझरकर

नाही. २११७ ची रिव्हेट आहे त्या अवस्थेतच ठोकायची असते, ती पुरेशी मऊ आहे. २०२४ च्या रिव्हेटची गोष्ट वेगळी: त्या भट्टीतून काढून फ्रीजमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्या की लवकर ठोकतात, नाहीतर कडक होतात. पण ते घरच्या गॅसचं काम नव्हे. गॅसवर चहा करा.

---

गॅरेजकर

आता खरी गंमत. काल रात्री एलिव्हेटर (शेपटाचा वरखाली हलणारा भाग) बंद केला. म्हणजे वरखाली दोन्ही पत्रे जोडून कडा मिटवली. मग सहज उचलून हलवला तर आत *खुळ्ळ*. पुन्हा हलवला. *खुळ्ळ*. खुळखुळा झालाय.

कापलेले तुकडे मी मोजून वाटीत ठेवतो. एकूण ६१ कापल्या. वाटीत ६०.

विमानात सुटा तुकडा राहिला तर तो जिथे नको तिथेच जाणार. झोप उडाली आहे. वजन कमी करायला रिबमध्ये (आतल्या आधाराच्या पट्ट्यांत) जी गोल भोकं असतात त्यातून आत बघता येतं, पण तुकडा दिसत नाही.

---

चकलीचा_सोऱ्या

लोहचुंबक काठीला बांधून आत फिरवा.

---

ओझरकर

सोऱ्या, ॲल्युमिनियमला चुंबक? शाळेत कुठे बसायचा, खिडकीजवळ?

व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला सरबताची स्ट्रॉ लावा, सांधा टेपने बंद करा, आणि नळीत जाळीचं कापड अडकवा म्हणजे तुकडा पिशवीत हरवणार नाही. एलिव्हेटर हलवून तुकडा एका कोपऱ्यात आणा आणि मग स्ट्रॉ आत घाला.

---

गॅरेजकर

दोन तास स्ट्रॉ घातली. धूळ, ॲल्युमिनियमची साल, एक मेलेली माशी. तुकडा नाही. *खुळ्ळ* मात्र आहेच.

शेवटी वैतागून सोऱ्याचं ऐकलं. वेल्डिंग रॉडला छोटं चुंबक टेपने चिकटवलं आणि पुढच्या भोकातून आत सरकवलं. पहिल्याच फेरीत *टिक्*. बाहेर काढलं तर ४० नंबरच्या ड्रिलचं मोडलेलं टोक. पोलाद! मागच्या महिन्यात ड्रिल मोडलं होतं, टोक सापडलं नव्हतं, मी समजत होतो जमिनीवर पडलं असेल.

आता एलिव्हेटर हलवला तर गप्प.

---

चकलीचा_सोऱ्या

खिडकीजवळ नव्हे, पहिल्या बाकावर बसायचो.

---

ओझरकर

सोऱ्या, मान्य. कान पकडतो. आणि बरं झालं निघालं. पोलादाचा तुकडा ॲल्युमिनियमला चिकटून राहिला आणि दमट हवा लागली की त्या जागी पत्रा खायला सुरुवात होते. कापलेल्या रिव्हेटपेक्षा हे वाईट होतं.

पण गॅरेजकर, मग एकसष्टावा तुकडा कुठे आहे?

---

गॅरेजकर

आज सकाळी मुलगी शाळेला निघाली. दारात बूट घालताना "आई गं" म्हणून ओरडली. बूट झटकला तर पायपुसण्यावर पडला. पाऊण सेंटिमीटरही नसेल, एका बाजूला कटरची चमक. वाटीत टाकला. ६१.

बायको दारात उभी होती. काही बोलली नाही. गाडीवरचा बर्फ खरवडायला घेतला तिने.